तेहरानची कोंबडी, लातूरची पोटली

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा भाव कशानं चढला किंवा कशानं पडला असं विचारलं, की चार उत्तरं ठरलेली असतात. पाऊस. शिकागोचा वायदेबाजार. इंदूरची पेठ. आणि चौथं, हात वर करून, "वरूनच तसं आलंय." 2013 च्या दिवाळीच्या आसपास त्यात पाचव्या उत्तराची भर पडली: इराण.

मी तेव्हा एका सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याच्या, खरेदीला होतो. सकाळी सौद्यावर उभं राहायचं, दुपारी गेटवर ओलावा आणि मातेऱ्यावरून गाडीवाल्यांशी हुज्जत घालायची, संध्याकाळी मालकांना उद्याचा भाव सुचवायचा, असं ते काम. औसा तालुक्यातले एक तात्या दर हंगामाला आमच्याकडंच माल घालायचे. पट्टीची घडी घालून खिशात ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आमच्या सोयाबीनचा अन् इराणचा काय संबंध ओ? ते तर खजूर खाणारी माणसं."

मला त्या दिवशी अर्धंच उत्तर देता आलं. बाकीचं पुढच्या पाच-सहा वर्षांत कळत गेलं. एका देशाची कोंडी करण्यासाठी दुसऱ्या देशानं लावलेले निर्बंध तिसऱ्याच देशातल्या एका तालेवार पण आडबाजूच्या बाजारपेठेला काही हंगाम फायद्याचे कसे ठरले, आणि तो फायदा हातात का राहिला नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी पेंडीचा हिशेब

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण शंभर किलो दाणा गाळला तर तेल निघतं जेमतेम 18 किलो. 80 ते 82 किलो उरते ती पेंड. प्लांटमध्ये तिला कुणी पेंड म्हणत नाही, डीओसी (डी-ऑइल्ड केक, तेल काढून घेतलेली पेंड) म्हणतात. हेक्झेननं तेल ओढून घेतलं, मग वाफेनं हेक्झेन उडवलं, की पिवळसर, भाजक्या वासाचा हा कोरडा चुरा राहतो. त्यात प्रथिनं 46 ते 48 टक्के. जगभरातल्या ब्रॉयलर कोंबडीचं अंग मुख्यतः मका आणि या चुऱ्यावर भरतं.

म्हणून लातूरच्या भावाची दोरी तेलापेक्षा डीओसीच्या हातात जास्त. डीओसी टनामागे हजार रुपयांनी चढली, म्हणजे किलोला एक रुपया, तर प्लांटवाला सोयाबीनला क्विंटलमागे 80 रुपये जास्त देऊ शकतो आणि तरी त्याची पडतळ बसते. देईलच असं नाही, देऊ शकतो. या दोन शब्दांमधल्या फरकावर यार्डातली बरीच भांडणं होतात.

त्या काळात देशातल्या पोल्ट्रीला पुरून डीओसी उरायची. ती बाहेर जायची: जपान, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया. पण बाहेर गाठ अर्जेंटिना आणि ब्राझीलशी. त्यांचा माल अफाट आणि स्वस्त. आपला जीएम (जनुकीय बदल केलेला) नसलेला, म्हणून थोडे जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक असतं, पण ते थोडंच. बाकीचं गिऱ्हाईक दहा डॉलरच्या फरकानं तोंड फिरवतं. अशा बाजारात एखाद्या मोठ्या खरेदीदाराला दुसरीकडं जायची वाटच उरली नाही तर काय होतं, ते 2012 ते 2014 या काळात दिसलं.

पैशाची कोंडी

इराणच्या अणुकार्यक्रमावरून अमेरिकेनं आणि पुढं युरोपनं जे निर्बंध आणले, त्यांत समुद्रात जहाजं अडवण्याची फारशी गरज नव्हती. तेलाचा सौदा डॉलरमध्ये होतो, डॉलरचा व्यवहार शेवटी अमेरिकी बँकेतून जातो, आणि त्या बँकेला सांगितलं की झालं. दुसऱ्या देशाच्या बँकेलाही निरोप जातो: इराणशी व्यवहार करायचा असेल तर कर, मग आमच्याकडं येऊ नकोस. कुठली बँक हा जुगार खेळेल?

भारत तेव्हा इराणी तेलाच्या बड्या गिऱ्हाइकांपैकी एक. पैसे आशियाई क्लिअरिंग युनियनच्या खात्यातून फिरायचे. डिसेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती वाट बंद केली. (या युनियनचं मुख्यालय कुठं, तर तेहरानला.) मग जर्मनीतल्या हॅम्बुर्गची एक इराणी मालकीची बँक सापडली, 2011 च्या मे महिन्यात युरोपीय संघानं तिच्यावरही बंदी घातली. मग तुर्कस्तानची हाल्कबँक. मार्च 2012 मध्ये इराणच्या बँकांना स्विफ्टमधून बाहेर काढलं, म्हणजे एका बँकेनं दुसरीला "अमक्याचे पैसे दे" असा निरोप पाठवायची जागतिक सोयच काढून घेतली.

आपल्या सरकारनं 2012 मध्ये दुसरी वाट काढली. तेलाच्या बिलातला 45 टक्के भाग रुपयांत, तोही कोलकात्याच्या युको बँकेत इराणी बँकांच्या नावे भरायचा. युको बँकच का? तिची अमेरिकेत शाखा नव्हती. जिच्याकडून काढून घेण्यासारखं काही नाही, तिला धमकी तरी कशाची देणार!

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तारीख मात्र 6 फेब्रुवारी 2013. त्या दिवसापासून अमेरिकी कायद्यातली एक अट लागू झाली: इराणकडून तेल घेणाऱ्या देशानं त्याचे पैसे आपल्याच देशातल्या बँकेत ठेवायचे, आणि इराणनं ते वापरायचे तर त्याच देशातून माल घेण्यासाठी, किंवा अन्न-औषधांसाठी. पैसा इराणच्या मालकीचा, पण उंबऱ्याबाहेर नेता येणार नाही. हाल्कबँकेची वाटही त्याच सुमारास आटली. रुपयांत न दिलेला उरलेला भाग मग भारतीय तेल कंपन्यांकडं थकत गेला; 2016 मध्ये निर्बंध उठले तेव्हा ती थकबाकी सहा अब्ज डॉलरच्या वर होती.

तात्यांना हे मी जमेल तसं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे कारखान्यानं उसाचं बिल थकवायचं अन् म्हणायचं, पैसे न्हाईत, भांडारातनं साखर न्या." इतक्या थोडक्यात ही व्यवस्था समजावलेली मी नंतर कुठंही वाचली नाही. फरक इतकाच की इथं इराण ऊसवाला, कारखाना भारत, आणि भांडारातल्या मालात लातूरची डीओसी.

तिकडची रांग

जुलै 2012 मध्ये तेहरानात कोंबडीसाठी रांगा लागल्या होत्या. निर्बंधांमुळं रियाल घसरलेला, बाहेरून येणारं खाद्य महागलेलं, पोल्ट्रीवाल्यांनी हात आखडता घेतलेला. इराणच्या पोलीस प्रमुखांनी तर चित्रपटांत आणि टीव्हीवर माणसं कोंबडी खाताना दाखवू नका असा सल्ला दिला. ज्यांना परवडत नाही ते ते पाहून सुरा उचलतील, असा त्यामागचा विचार. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हसून घेतलं. आमच्या मालकांनी ती बातमी दोनदा वाचली. कोंबडी नाही म्हणजे खाद्य नाही, खाद्य नाही म्हणजे डीओसी हवी आहे, आणि ज्याला हवी आहे त्याचे पैसे कोलकात्यात अडकलेत.

या निर्बंधांत अन्नधान्य नव्हतं, हे इथं लक्षात ठेवायला हवं. गहू, तांदूळ, खाद्य, औषधं यांना कागदावर सूट होती. पण सूट असून पैसे पाठवायला बँक नाही, माल न्यायला विमा नाही, जहाजवाला म्हणतो नको ती भानगड. बड्या बँका कायद्यानं सांगितलं त्याच्या दोन पावलं पुढं जाऊन घाबरतात. 2012 च्या सुरुवातीला इराणी खरेदीदारांकडं आपल्या तांदूळ निर्यातदारांचे पैसे अडकले होते. त्यामुळं आमच्याकडंही पहिला प्रश्न हाच होता की इराणला माल द्यायचा, पण पैसे कोण देणार?

उत्तर युको बँकेच्या एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, कागद पटले की पैसे द्यायची बँकेची हमी) होतं. इराणमधला खाद्यवाला आपल्या बँकेत रियाल भरतो. ती बँक युको बँकेतल्या रुपयांच्या खात्यावर एलसी उघडते. बंदरात माल जहाजावर चढला, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढल्याची जहाजवाल्याची पावती, हातात आलं, की कागद निर्यातदाराच्या बँकेतून युको बँकेत जातात, इराणच्या खात्यातून रुपये वजा होतात आणि इथल्या खात्यात जमा होतात. तेल विकून आलेले रुपये, डीओसी घेऊन संपलेले रुपये. मधे डॉलर कुठंच नाही. अमेरिकेची बँक नाही. देशाबाहेर एक पैसा गेला नाही.

आमचा प्लांट थेट निर्यात करत नव्हता, मुंबई आणि इंदूरच्या निर्यातदारांना माल द्यायचा. पण 2013 च्या हंगामात त्यांच्या फोनवरच्या बोलण्याचा सूर बदलला. एरवी "पाहू, व्हिएतनामचं काय येतंय ते" म्हणणारा माणूस आता "किती गाड्या भरता?" असं विचारू लागला.

2013 चा हंगाम

तो हंगाम मला आठवतो तो दाताखालच्या आवाजासकट. लातूरला सौद्याच्या वेळी आडत्यांची माणसं ढिगाढिगाचे नमुने पोटलीत बांधून आणतात. पोटली सोडायची, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, डागी किती, काडीकचरा किती ते पाहायचं, आणि एक दाणा दातांत धरायचा. कट्ट करून तुटला तर वाळलेला. चिघळला तर ओलावा बारा-तेराच्या पुढं, भाव त्या हिशेबानं खाली. मशीन होतंच, पण सौद्यावर दातावर जास्त भरवसा.

त्या दिवाळीत हमीभाव होता क्विंटलला 2,560 रुपये आणि बाजार त्याच्या खूप वर चालला होता. खरेदीदार मागं सरत नव्हते. आदल्या दिवशीच्या भावात दहा-वीस रुपये टाकून कुणीतरी बोली लावायचा आणि बाकीचे मुकाट्यानं तिथपर्यंत जायचे. भारताची इराणला होणारी एकूण निर्यात 2011-12 मध्ये सुमारे 2.4 अब्ज डॉलर होती. 2013-14 मध्ये ती पाच अब्ज डॉलरच्या जवळ पोहोचली. त्यात बासमती होता, चहा होता, औषधं होती, आणि डीओसी होती. भारतीय सोया डीओसीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक त्या वर्षी इराण होता. भावातही तो इतरांपेक्षा चार पैसे वर असायचा. जाणार कुठं? अर्जेंटिनाची डीओसी स्वस्त होती, पण अर्जेंटिना कोलकात्याच्या खात्यातले रुपये घेणार नव्हती.

आता या वाढीव भावाचं काय झालं, हे प्रकरणाचं मला सर्वांत खुपणारं पान आहे.

आपल्याकडं सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या आगेमागे. बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणलेलं, मळणीयंत्रवाला पैशासाठी दारात उभा, दिवाळी तोंडावर, मग रब्बीची पेरणी. लहान शेतकरी कट्टे थेट यार्डात आणतो. निर्यातीचे बडे सौदे मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्के होत जातात. म्हणजे इराणची मागणी अंगात यायच्या आधी अर्ध्याअधिक छोट्या शेतकऱ्यांचा माल हातातून गेलेला. ज्याच्याकडं गोदाम आहे, किंवा ज्याच्या घरात एखादी नोकरी आहे, त्यानं संक्रांतीपर्यंत थांबून चांगला भाव घेतला. त्या खालोखाल आडते, प्लांट, निर्यातदार. तात्यांचा माल दिवाळीआधीच आला होता. बियाण्याच्या एका बॅगेला सात-आठ क्विंटलचा उतारा, चार बॅगांचा पेरा, पोरीचं लग्न मार्गशीर्षात. ते कुठून थांबणार?

आम्हीही संत नव्हतो. डीओसीचा भाव सकाळी फोनवर समजला तरी सौद्यावर तोंड मिटून उभं राहायचं, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं. "चढलंय" हा शब्द खरेदीवाल्यानं उच्चारायचा नसतो.

सगळं इराणच्या खात्यावर टाकता येणार नाही

2012 मध्ये अमेरिकेत भीषण दुष्काळ पडला आणि त्या सप्टेंबरात शिकागोला सोयाबीननं तोवरचा उच्चांक गाठला. तिथली टंचाई पुढं बराच काळ जाणवत राहिली. दुसरं, रुपया. 2013 च्या मे महिन्यात डॉलरला 54-55 रुपये पडत होते, 28 ऑगस्टला तो 68 च्या पार गेला. निर्यातीला एवढा धक्का पुढं ढकलायला पुरेसा असतो. तिसरं, त्या वर्षी मध्य प्रदेशात काढणीच्या आधी पावसानं झोडपलं. या तिन्ही गोष्टी नुसत्या एकत्र आल्या असत्या तरी भाव बरा राहिला असता. इराण नसता तर तो किती खाली असता, हे आकड्यात सांगायला कुणी गेला तर मी त्याच्याकडून सौदा घेणार नाही.

पण एक खूण आहे. शिकागोचे भाव मऊ पडायला लागल्यावरही इराणला जाणारा माल काही काळ थांबला नाही. भावाकडं पाहून खरेदी करणारा गिऱ्हाईक असा वागत नाही. ज्याचे पैसे दुसरीकडं चालत नाहीत, तो असा वागतो.

दार उघडलं

जून 2013 मध्ये हसन रुहानी इराणचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात अंतरिम समझोता झाला, 20 जानेवारी 2014 पासून काही निर्बंध सैल झाले. इराणला अडकलेल्या पैशातला थोडा भाग हप्त्या-हप्त्यानं दुसऱ्या चलनात मिळू लागला. आम्हाला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. वर्तमानपत्रात "तणाव निवळला" म्हणून बातमी, आणि आपण शांतताप्रेमी माणसं, बरंच वाटलं.

पुढच्या हंगामात फोन येईनासे झाले. 2014 मध्ये अमेरिकेत आणि दक्षिण अमेरिकेत सोयाबीनचं पीक विक्रमी आलं, जगात भाव कोसळले, आणि आपल्याकडं पावसानं दगा दिल्यानं माल कमी, म्हणून भाव चढेच. इराणी खरेदीदार दक्षिण अमेरिकेकडं वळला. 14 जुलै 2015 ला व्हिएन्नात अणुकरार झाला, 16 जानेवारी 2016 ला तो अंमलात आला. 2015-16 मध्ये आपली सोया डीओसीची निर्यात पूर्वीच्या तुलनेत नावापुरती उरली. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. प्लांटचे बॉयलर बंदच होते, ते मागणी नाही म्हणून की पाणी नाही म्हणून, हा प्रश्न कुणी विचारायच्या मनःस्थितीत नव्हतं.

निर्बंध सुटले तसे ते चार पैसे वरचे भावही सुटले. आमच्या मालाच्या दर्जावर खूश होऊन इराण आला होता, अशी आमच्यातल्या काहींची समजूत होती. ती त्या दोन वर्षांत उतरली.

दार परत लोटलं, मग कडी लागली

8 मे 2018 ला डोनाल्ड ट्रम्प यांनी अणुकरारातून अमेरिकेला बाहेर काढलं. तेलावरचे निर्बंध 5 नोव्हेंबरला परत आले, पण आठ खरेदीदार देशांना, त्यांत भारतालाही, 180 दिवसांची सवलत मिळाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच दोन्ही देशांत ठरलं की तेलाचे पैसे आता सगळेच्या सगळे रुपयांत, पुन्हा युको बँकेतच. डिसेंबरअखेर आपल्या अर्थ मंत्रालयानं या रकमेवरचा आयकरही माफ केला, नाहीतर खात्यात पडायच्या आधीच मोठा लचका निघाला असता.

यार्डात जुनी माणसं लगेच ओळखीचं हसली. तो हंगाम आमच्याकडं दुष्काळाचा. 31 ऑक्टोबरला राज्यानं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. माल कमी, हमीभाव 3,399, दिवाळीत बाजार त्याच्याही खाली. आणि जानेवारीनंतर हळूहळू इराणची मागणी आत येऊ लागली. 2018-19 मध्ये इराण पुन्हा आपल्या डीओसीच्या पहिल्या फळीतल्या खरेदीदारांत बसला.

याच वर्षातला एक विनोद इथं सांगून टाकतो. चीननं जुलै 2018 मध्ये अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के कर लावला. अमेरिकी शेतकऱ्याचा माल पडून राहिला, भाव घसरला, आणि त्या स्वस्त मालातली काही जहाजं चक्क इराणला गेली. अमेरिका ज्या देशाचा गळा आवळत होती त्याच्या कोंबड्या काही आठवडे आयोवा-इलिनॉयच्या दाण्यावर जगत होत्या. अन्नाला सूट होती ना, मग कायद्यात बसलं.

22 एप्रिल 2019 ला अमेरिकेनं सांगितलं की सवलत वाढवणार नाही. 2 मेला ती संपली आणि भारतानं इराणचं तेल घेणं थांबवलं. 2018-19 मध्ये आपण इराणकडून सुमारे 2 कोटी 40 लाख टन कच्चं तेल आणलं होतं. पुढच्या वर्षी ते जवळपास शून्यावर आलं.

त्यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं आहे. इराणची खरेदी दुसऱ्या दिवशी बंद पडली नाही. खात्यात रुपये शिल्लक होते, आणि ती शिल्लक संपेपर्यंत बासमती, चहा, डीओसी जात राहिली. 2019-20 ची एकूण निर्यात 3.4 अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे आदल्या वर्षाच्या जवळपास तेवढीच. 2020-21 मध्ये ती 1.8 अब्जांवर आली, 2021-22 मध्ये दीडच्याही खाली. विहिरीत आवक थांबली तरी उपसा चालू राहतो, तळ दिसेपर्यंत. निर्बंधांत अन्न-औषधांची सूट शेवटपर्यंत जशीच्या तशी होती. सूट होती, रुपये नव्हते.

मी हे असं मांडतो: पहिल्या फेरीत, 2013 च्या आधी आणि नंतर, दार अर्धवट लोटलेलं होतं. तेल थोडं आत येत होतं, पैसा बाहेर जाऊ शकत नव्हता. त्या फटीतून लातूरचा माल गेला. 2016 मध्ये दार पूर्ण उघडलं, गिऱ्हाईक बाहेर निघून गेलं. 2019 मध्ये कडी लागली, गिऱ्हाइकाच्या खिशातच काही उरलं नाही. आमचा फायदा अर्धवट दाराचा होता.

मग दबाव चालला का?

हा प्रश्न वर्गात विचारला की मुलं हो किंवा नाही लिहून मोकळी होतात. पहिल्या फेरीत इराणची तेल निर्यात निम्म्याच्या आसपास आली आणि तो वाटाघाटीला बसला, करारही झाला. तेव्हा युरोप, चीन, रशिया सगळे टेबलाच्या एकाच बाजूला होते आणि करार केला तर सुटका मिळेल असं दिसत होतं. दुसऱ्या फेरीत अमेरिका एकटी होती, दबाव पहिल्यापेक्षा कडक होता, आणि इराणनं उलट युरेनियम शुद्धीकरण वाढवत नेलं. माझ्या मते कोंडी किती घट्ट, यापेक्षा सुटायची अट विश्वास ठेवण्याजोगी आहे का, यानं जास्त फरक पडतो. एकदा सुटून परत बांधला गेलेला माणूस दुसऱ्यांदा हात पुढं करत नाही.

कोंबडीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही ठरवायचं नव्हतं, हेही नोंदवून ठेवतो. अणुकार्यक्रम त्यानं सुरू केला नव्हता, आणि लातूरच्या भावातले चार पैसे शेवटी त्याच्याच ताटातून आले.

भारत सरकारच्या बाजूनं पाहिलं तर कसरत वाईट नव्हती. स्वस्त तेल, डॉलरची बचत, वर निर्यात. पण तेल कुणाकडून घ्यायचं हे दोन्ही वेळा वॉशिंग्टनच्या मुदतीवर ठरलं.

रुपयांच्या खात्याची ही युक्ती पुढं पुन्हा निघाली. जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेशी व्यापार रुपयांत मिटवण्याची व्यवस्था जाहीर केली आणि रशियन बँकांची तशी खाती उघडली गेली. त्यातही युको बँक पुढं होती. मे 2023 मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत आणि ते वापरता येत नाहीत. बातमी आली त्या दिवशी मी खरेदीचं काम सोडून चार वर्षं झाली होती, तरी यार्डातून दोन फोन आले. एकानं सरळ विचारलं, "सर, मग रशिया डीओसी घेईल का?"

मी म्हणालो, रशिया स्वतःच सोयाबीन पिकवतो आणि स्वतःच गाळतो.

दुसरा फोन तात्यांच्या पोराचा होता. त्याला भावाबद्दल काही विचारायचं नव्हतं. तात्यांनी यंदा माल घरातच ठेवलाय, मे उजाडला तरी विकला नाही, कुणाचंच ऐकत नाहीत, तुम्ही जरा समजावता का, असं तो म्हणत होता. 2021 च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून ते दर वर्षी तेच करतात. कट्टे ओसरीत थप्पी मारून ठेवलेत, आणि रोज सकाळी एक दाणा काढून दाताखाली धरून बघतात.